खोट्या प्रेतासाठी सोडलेला ताणा

१९७४ सालच्या मे महिन्यात, एका गुरुवारी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बोळातले चार दगडी खुंट उपटण्यात आले. त्या वेळी खुंटांवर सुताचा ओला ताणा चढवलेला होता. तो उतरवून घेण्यासाठी, बोळातून प्रेत येत आहे असा निरोप दिला गेला. त्या दिवशी बोळातून प्रेत गेलं नाही. आमच्या बोळात आणि मागच्या दोन्ही बोळांत त्या दिवशी कोणी वारलंही नव्हतं.

यातला सव्वासातनंतरचा भाग मी स्वतः पाहिला. त्याआधीचं ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून त्याच आठवड्यात ऐकलं. बाकीचं बोळ सुधार समितीच्या इतिवृत्तात आहे. ती वही आमच्या घरी होती, कारण शाळामास्तर असलेले माझे वडील समितीचे चिटणीस होते.

खुंट कशासाठी होते ते आधी सांगितलं पाहिजे. हातमागावर चढवण्यापूर्वी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ पाजावी लागते. खळ न प्यालेलं सूत मागावर तुटतं. या कामाला पांजणी म्हणतात. त्यासाठी ताणा वीस-बावीस पावलं लांब, आडवा पसरून, दोन्ही टोकांना घट्ट ताणून बांधावा लागतो. मग तांदळाची खळ लावायची आणि दोन माणसांनी एकाच लांब कुंच्याची दोन टोकं धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, दोरा दोऱ्यापासून सुटा होऊन वाळेपर्यंत. घरात एवढी जागा कोणाकडे नव्हती. म्हणून पेठ वसली तेव्हाच विणकरांनी बोळात खुंट रोवले, वरच्या टोकाला दोन आणि खालच्या टोकाला दोन. कमरेएवढे काळे दगड, दोर घासून मधोमध गुळगुळीत झालेले.

एके काळी घरोघरी हातमाग होते आणि रोज कोणाची ना कोणाची पांजणी असे. १९७४ मध्ये बोळात एकच हातमाग उरला होता. तो ज्यांचा होता त्यांना सगळा बोळ मामा म्हणत असे. वय साठीच्या पुढे, घरात बोलणं तेलुगू, बाहेर मराठी. ते सुती नऊवारी लुगडी विणत. त्यांची पांजणी महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा होई. पहाटे पाचला सुरू आणि नऊच्या आत बोळ मोकळा. एका महिन्यात बोळ किती वेळ अडत होता याचा हिशेब कोणालाही करता आला असता. समितीने तो केला नाही.

कुंच्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या समोर राहणारे चाचा असत. चाचा कारखान्यात, म्हणजे यंत्रमागावर, दुसऱ्या पाळीला जात. पूर्वी त्यांच्याही घरी हातमाग होता. सकाळी मामांना हाताखाली माणूस मिळत नाही म्हणून ते आपणहून येत. दोघांची अखंड बोलाचाली चाले.

"मामा, जरा पाँव उठाओ. मय्यत के सरीका चलरें."

"तुमी पुढं पळू नका. कुंचा हाय, सायकल न्हाय."

"हौ, सायकल रहती तो घंटी बजाता मैं."

ताणा ओलांडायचा नाही, हा बोळाचा नियम होता. लहान-मोठा, श्रीमंत-गरीब, कोणीही असो. भिंतीकडेला हातभर रुंदीची पट्टी उरे, तिच्यातून अंग चोरून जायचं. सायकल असेल तर खांद्यावर घ्यायची. वरात आली तर थांबायची. एका नवरदेवाला घोड्यावरून उतरून, मुंडावळ्या सावरत, त्या पट्टीतून चालत गेलेलं मी पाहिलं आहे, आणि कोणाला त्यात अपमान वाटला नाही.

प्रेत मात्र थांबवायचं नाही. तिरडीच्या पुढे एक माणूस येऊन सांगे, आणि लगेच विणकर खालच्या टोकाचे दोर सोडत. ताणा सैल करून भिंतीशी गोळा करत आणि हात जोडून उभे राहत. तिरडी गेली की बोळातली चार माणसं हात लावत, ताणा पुन्हा ताणला जाई, पाण्याचा हात फिरवून कुंचा पुन्हा चालू. हे लवकर झालं तर सूत वाचे. निरोप घेऊन आलेल्या माणसाला कोण गेलं असं विचारत नसत. आधी दोर सोडायचे, विचारायचं नंतर. विचारण्यात वेळ घालवणं म्हणजे मेलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवणं, असं जुने लोक म्हणत. या नियमाचा गैरवापर कोणी करील असं कोणाला कधी वाटलं नव्हतं, कारण तोवर कोणी केला नव्हता.

समिती आदल्या हिवाळ्यात स्थापन झाली. बोळाच्या खालच्या टोकाला चादरींच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं. तेच अध्यक्ष. बोळात डांबर व्हावं आणि एक सार्वजनिक नळ यावा, अशी मागणी होती आणि ती सगळ्यांची होती. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. बायका पाण्यासाठी दोन बोळ पलीकडे जात होत्या. अर्जावर घरटी एक सही होती. मामांचीही होती.

खुंटांचा विषय पहिल्याच सभेत निघाला. सभा अध्यक्षांच्या दुकानात गादीवर झाली. वडिलांबरोबर मीही गेलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "डांबर होणार म्हटल्यावर हे खुंट कशाला? उद्या ट्रक आत आला तर वळायचा कसा?"

ट्रकचा उल्लेख अर्जात नव्हता. ट्रक फक्त अध्यक्षांच्या गोदामात येणार होता.

"मामा, जग कुठं गेलं आणि तुम्ही अजून रस्त्यात सूत वाळवताय," अध्यक्ष हसत म्हणाले.

"वाळवत न्हाय शेठ, पाजतो," मामा म्हणाले. "वाळवायला आमची बायको पुरे."

दुकानात हशा झाला. अध्यक्षही हसले. मग त्यांनी सुचवलं की शहराबाहेर माळावर त्यांची मोकळी जागा आहे, तिथे खुशाल पांजणी करावी.

"माळावर वारं हाय," मामा म्हणाले. "वाऱ्यानं सूत तुटतंय. हितं दोन्ही अंगाला भिती हायत, वारं लागत न्हाय. आमचे आजोबा काय येडे हुते, बोळात खुंट रोवायला?"

"मग सायझिंगच्या कारखान्यात द्या. यंत्रावर एका तासात होतं."

"एका लुगड्याच्या मागासाठी सायझिंगवाला दारात उभं करील का? तुमीच सांगा शेठ, तुमची वळख हाय."

त्या सभेच्या इतिवृत्तात माझ्या वडिलांच्या अक्षरात पुढचं वाक्य आहे: "खुंटांबाबत संबंधित विणकराच्या संमतीशिवाय कोणतीही कार्यवाही करू नये, असे सर्वानुमते ठरले." खाली अध्यक्षांची सही आहे. मामांना हे वाक्य वडिलांनी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "मास्तर, तुमी लिवलं म्हणजे झालं." एप्रिलमध्ये अध्यक्ष दोनदा मामांच्या घरी जाऊन आले. संमती मिळाली नाही. मधल्या काळात सभा झाली नाही.

मेमध्ये डांबराचा ठेकेदार आला. त्याची माणसं बुधवारी खालच्या टोकाला खडी टाकून गेली. खुंट उपटायला ती गुरुवारी सकाळी पावणेसातला पहारी आणि टिकाव घेऊन आली. ताणा चढलेला होता. खळ लावून झाली होती, कुंचा फिरत होता. उन्हाळ्यात सूत भरभर वाळतं, म्हणून हात थांबवता येत नाही. मुकादम म्हणाला, "हे काढा, आम्हाला दगड काढायचेत." चाचांनी कुंचा न थांबवता त्याला सांगितलं, "नौ बजे आव. चाय पीको आव."

आजूबाजूच्या घरांतली माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. ताणा ओलांडून कोणी पहार चालवणार नव्हतं. मुकादमालाही ते समजलं असावं. तो खाली गोदामाकडे गेला. गोदामाचं दार उघडं होतं आणि अध्यक्ष आत होते. हे तिघांनी पाहिलं. आत काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही.

पाच-सात मिनिटांनी गोदामाचा दिवाणजी वरच्या टोकाकडून सायकलवर आला. खाली गोदामात असलेला माणूस वरच्या टोकाकडून आला, याचा अर्थ तो मागच्या बोळातून वळसा घालून आला. सायकलवरून उतरून, टोपी काढून हातात घेऊन त्याने मामांना सांगितलं, "मामा, तिरडी निघाली. मागच्या बोळातल्या म्हातारबाई. ह्याच वाटेनं आणायलेत."

मामांनी विचारलं नाही. कुंचा खाली ठेवला, खालच्या टोकाला गेले आणि दोन्ही दोर सोडले. मावशी, म्हणजे मामांची बायको, दारात येऊन तेलुगूत म्हणाल्या, "एवरू?" कोण, एवढंच. मामांनी त्यांना हातानेच गप्प केलं. मामा आणि चाचा दोघांनी मिळून ओला ताणा गोळा करून भिंतीशी धरला. चाचांनी टोपी नीट केली आणि मान खाली घातली. प्रेत गेल्यावर उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं असतं, म्हणून घराघरांतल्या बायका तांबे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

मी बोळात आलो तेव्हा हे दृश्य होतं. सगळा बोळ गप्प, हात जोडलेले, तांबे भरलेले आणि वरच्या टोकाकडे लागलेले डोळे. खालच्या टोकाला पहारीचा आवाज सुरू झाला.

आधी कोणाला समजलं नाही. खालचा पहिला खुंट आडवा झाला तेव्हा चाचा ओरडले, "अरे मय्यत कहाँ है?" मुकादम म्हणाला, "येईल की. रस्ता मोकळा झाला, आता आरामात येईल." त्याची माणसं हसली. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मामा ताणा धरून उभे होते. तो खाली ठेवला तर मातीत जाणार, आणि धरून ठेवला तर त्यांना पुढे जाता येत नव्हतं. चाचा आणि आणखी दोघे धावले. तोवर खालचे दोन्ही खुंट निघाले होते. दोन खुंट गेल्यावर वरच्या दोन्हींचा उपयोग नव्हता, त्यामुळे ते काढताना कोणी आडवं गेलं नाही. सूत साडेआठपर्यंत वाळून एकमेकांना चिकटलं. त्याचा काथ्यासारखा दोरखंड झाला.

मावशींनी हातातला तांब्या तसाच घेतला, खाली गोदामापर्यंत चालत गेल्या आणि गोदामाच्या उंबऱ्यावर ते पाणी शिंपडलं.

अध्यक्ष आतून म्हणाले, "मावशी, हे काय करताय? आमच्या दारात?"

"तुमच्याच दारातनं गेलं की," मावशी म्हणाल्या.

म्हातारबाईंना दुपारी कळलं. त्या मागच्या बोळात राहत, विडी वळत, आणि त्या दिवशी सकाळपासून पाण्याच्या रांगेत होत्या. डोक्यावर भरलेला हंडा घेऊनच त्या गोदामापुढे येऊन उभ्या राहिल्या. दिवाणजी आत होता.

"बाहीर ये रं मुडद्या! मी मेले व्हय? मग ह्यो हंडा कोण आणलंय, तुजा बाप?"

"आजी, मला चुकून कुणीतरी सांगितलं..."

"कुणी सांगितलं? त्येचं नाव सांग. त्येला बी तिरडीवर निजवते. जित्तीपणी मारतो व्हय रं मला! तेराव्याला लाडू तरी कर, सगळा बोळ येतोय जेवायला."

बोळातलं कोणी त्या दिवशी प्रथमच हसलं. दिवाणजी बाहेर आला नाही. कोणी सांगितलं हे त्याने तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. तो खोटं बोलला हे सिद्ध आहे. त्याला ते कोणी सांगायला लावलं हे सिद्ध करता येत नाही. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उमेदवारी करत होतो आणि हा फरक मला शिकवला गेला होता. संध्याकाळी मी बातमी लिहून नेली. ती ठेवून घेण्यात आली. दोन दिवसांनी त्या जागी समितीचं पत्रक छापलं गेलं. त्यात बोळातील रहदारीचा जुना अडथळा नागरिकांच्या सहकार्याने दूर झाल्याचं म्हटलं होतं. ते पत्रक माझ्या वडिलांच्या भाषेत होतं. ते वाक्य मी जेवताना त्यांच्यासमोर वाचलं. ते म्हणाले, "नळ यायचाय अजून. भांडून नळ येत नाही."

पुढच्या सभेच्या इतिवृत्तात अशी नोंद आहे: "बोळातील खुंट शांततेत काढण्यात आले. सर्वांचे आभार मानण्यात आले." आधीच्या सभेत संमतीची अट घातली होती, तिचा उल्लेख नाही. शांततेत हा शब्द माझ्या वडिलांचा आहे. त्या शब्दाबद्दल मी त्यांना पुढे विचारलं. ते म्हणाले, मारामारी झाली नाही, म्हणून शांततेत. चाळीस वर्षं मुलांना शुद्ध मराठी शिकवलेला माणूस तो शब्द तिथे लिहितो, आणि त्याच वहीत एक पान मागे त्याच माणसाने त्याच खुंटांबद्दल दिलेलं वचन आहे. ही दोन्ही पानं मी कित्येकदा वाचली. मला अजूनही राग येतो, आणि तो अध्यक्षांपेक्षा वडिलांवर जास्त येतो.

अध्यक्षांचं म्हणणंही इथे दिलं पाहिजे. त्यांनी मला सांगितलं की एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी सगळ्या बोळाने चिखल तुडवावा हे त्यांना पटत नव्हतं. डांबर झालं आणि नळही आला, हे त्यांनी दाखवून दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खुंट ठेवून डांबर झालं असतं का, असं मी ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, "झालं असतं की. दगडाच्या कडंनं डांबर वतायचं, त्यात काय?"

मामांनी जूनपासून तीन प्रयत्न केले. पहिल्यांदा ताणा समोरासमोरच्या घरांच्या खिडक्यांच्या गजांना तिरका बांधला. गज वाकले आणि एका घराने पुन्हा बांधू नका असं सांगितलं. ते घर समितीत होतं. दुसऱ्यांदा चाचा आणि त्यांचे दोन मित्र खुंटांच्या जागी पहारी धरून उभे राहिले. दीड तास त्यांनी ताण धरला. निम्मं सूत नीट निघालं. चाचांचे हात सोलवटले आणि दुसऱ्या पाळीला त्यांना धोट्यातली सुताची कांडी बदलता येईना, म्हणून कारखान्यातल्या मुकादमाने त्यांना घरी पाठवलं. पुन्हा असं करायचं नाही, असं मामांनीच बजावलं. चाचा म्हणाले, "मामा, मेरेकू खुंट समझको गाड दो, बस." मामा म्हणाले, "तुमी लई बोलता. खुंट गप्प ऱ्हातंय."

तिसऱ्यांदा ते माळावर गेले. अध्यक्षांच्या जागेवर गेले नाहीत, तिच्या पलीकडे रस्त्याकडेला बाभळी होत्या तिथे गेले. मी बरोबर होतो. सकाळी सहाला वारा नव्हता. सातला सुटला. सूत पहिल्यांदा मध्यावर तुटलं, मग कडेने तुटत गेलं. मामा तुटलेली टोकं जोडत पुढे सरकत होते आणि मागे नवी तुटत होती. साडेसातला त्यांनी कुंचा खाली ठेवला. ताणा गुंडाळला. परत येताना बोळाच्या तोंडाशी आल्यावर मला म्हणाले, "मास्तरांना सांगू नका, आमी गेलतो म्हणून. त्यांना वाईट वाटंल."

मी सांगितलं. वडील पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

ऑगस्टमध्ये माग बंद होता. दसऱ्याला माग पुजला गेला, विणला गेला नाही. दिवाळीनंतर मावशींच्या भावाने गाडी आणली आणि माग सुटा करून नेला. तो कुठे नेला हे मी विचारलं नाही. त्याच महिन्यात मामा पेठेबाहेरच्या एका चादरीच्या कारखान्यात कामाला लागले. यंत्रमागावर बसवायला त्यांचं वय जास्त झालं होतं. त्या कारखान्याचं हजेरीपत्रक मी पुढे एका कामगार-तंट्याच्या बातमीसाठी पाहिलं. मामांची हजेरी नोव्हेंबरपासून आहे. पाळी पहिली. कामाच्या रकान्यात 'हमाल' असं लिहिलेलं आहे.